मागचा पडदा

गंगापूरचा आहे म्हटलं की समोरचा हमखास दोनांपैकी एक घोटाळा करतो. भाविक असेल तर त्याला गाणगापूर ऐकू येतं आणि हात आपोआप जोडले जातात. नाशिककडचा असेल तर "हां, धरणाचं गंगापूर," म्हणतो. आमचं गंगापूर यांतलं एकही नाही. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तहसील, बाजार समिती, एस.टी. स्टँड, आणि एका गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ. मात्र नाशिकच्या त्या गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी नांदूर मधमेश्वरावरून उतरत उतरत शेवटी आमच्याच तालुक्याच्या दक्षिण कडेला येऊन नाथसागरात पसरतं. ते सोडायचं की नाही यावरून वरचे आणि खालचे दर दुष्काळात भांडतात, तो भाग वेगळा.

बाबांनी स्टुडिओ टाकला तेव्हा एका पेंटरकडून मागचा पडदा रंगवून घेतला होता. निळं तळं, कमळं, दोन राजहंस आणि पलीकडं बर्फाचे डोंगर. आसपासच्या कितीतरी पोरींचे 'दाखवायचे' फोटो याच तळ्याकाठी निघाले. बाहेर टँकरपुढं घागरींची रांग आणि आत कॅनव्हासवर तळं काठोकाठ. एका राजहंसाच्या मानेवर पडद्याची घडी यायची, तिथला रंग उडाला होता. तेवढी जागा झाकली जाईल अशा बेतानं मुलगी उभी करायची. फोटोतली रचना म्हणून मी बाबांकडून जे काही शिकलो, त्यातला हा पहिला धडा.

पुढं डिजिटल आलं, पडदा गुंडाळून माळ्यावर गेला, संगणकात हवा तो डोंगर मागं लावता यायला लागला. पासपोर्टला पांढरं, नोकरीच्या अर्जाला फिकट निळं, बारशाला फुगे. आमच्या धंद्यात माणूस स्वतःचा चेहरा घेऊन येतो, मागचं आम्ही पुरवतो.

पक्ष्यांच्या नादाला मी लागलो तो एका प्री-वेडिंगमुळं. तेव्हा हे खूळ आमच्याकडं नवीन होतं. फेब्रुवारीतली सकाळ, नाथसागराच्या फुगवट्याचा काठ, नवरदेव भाड्याच्या सुटात, नवरी लांब घोळाच्या गाऊनमध्ये, आणि तिची आई तो घोळ चिखलात जाऊ नये म्हणून फ्रेमबाहेर दबा धरून बसलेली. मी डोळा लावला तर दोघांच्या खांद्यांच्या मधल्या फटीतून, लांब पाण्यावर, एक गुलाबी रेघ दिसली. आधी वाटलं भिंगावर काहीतरी लागलंय. पुसलं. रेघ हलली. फोकसची कडी फिरवत मी त्या रेघेपर्यंत गेलो तेव्हा तिला पाय फुटले, माना फुटल्या. रोहित होते, शंभरएक तरी. नवरा-नवरी त्यांच्यापुढं दोन धूसर डाग झाले होते. "दादा, फोकस आमच्यावर ठेवा ना," नवरदेव म्हणाला. कॅमेरा न बघता त्याला ते कसं कळलं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

त्या अल्बममध्ये रोहितांचे सहा फोटो निघाले. मी पैसे थोडे कमी घेतले.

मग दर रविवार. लग्नाच्या तिथ्या नसल्या की इतर वारही. आधी लग्नातली 70–200 ची लेन्स, पण तिच्यातून बदक म्हणजे भाताचं शीत. मग एक 150–600 ची जुनी लेन्स हप्त्यानं घेतली. जवळपास दोन किलोची. पहाटे साडेचारला मोटारसायकल काढायची, भेंडाळा फाट्यावरून कायगावच्या दिशेनं जायचं, कुठल्यातरी पाणंदीनं पाण्याकडं उतरायचं, बेशरमीच्या झुडपांआड गाडी लावायची आणि खताच्या रिकाम्या गोणीवर पोटावर पडायचं. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आला तरच फोटो जिवंत वाटतो; उभ्यानं काढलेला फोटो म्हणजे आपण त्याच्याकडं वरून पाहिल्यासारखं. थंडी गोणीतून पोटात शिरते. चिखलाला सडक्या पाल्याचा आणि चिलापीचा वास. उजेड येईस्तोवर फक्त आवाज, आणि आवाजावरून कोण कुठं आहे ते मनात मांडत बसायचं.

शेजारीच माझ्यासारखी आणखी काही मंडळी पक्ष्याची वाट बघत असतात, पण ती वेगळ्या पक्ष्याची. जुन्या कायगावच्या नदीकाठाला दशक्रिया होतात. बाबांचीही तिथंच झाली. पिंड ठेवले, आम्ही मागं सरलो आणि पाऊण तास कावळा शिवेना. दोन कावळे समोरच्या झाडावर बसून चोची घासत होते. भाऊबंद एकेक वचन देत होते, आईला सांभाळू म्हणाले, वाटणी नीट करू म्हणाले. माझ्या मनात मात्र, लाज वाटते सांगायला, पण हेच आलं, की इतकी माणसं एका रांगेत उभी आहेत, हातवारे करताहेत, पांढरे कपडे घातलेत, तर पाखरू येईल कसं? सगळ्यांना खाली बसवलं असतं तर पाच मिनिटांत आला असता. मी काकांना तसं म्हणालोही. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प उभा राहिलो. शेवटी आला. बाबांची काय इच्छा होती, कुणाच्या बोलण्यानं ती पुरी झाली, कळलं नाही. कावळा बिचकत, तिरका चालत आला, जसा भ्यालेला कावळा येतो तसा.

नाथसागराचं एक सांगायला हवं, नाहीतर इथले पक्षी कळत नाहीत. पैठणच्या या धरणाचं नाव जायकवाडी. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या त्या नावाच्या वाडीजवळ धरण बांधायची होती, जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जुन्या जागेचंच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, 27 दरवाजे, आणि मागं पन्नास-पंचावन्न किलोमीटर पसरलेलं पाणी. एवढं पाणी, पण खोली बेताची. डोंगराच्या कुशीत बांधलेलं हे धरण नव्हे. सपाट काळ्या रानावर ताटात वाढल्यासारखं पाणी वाढलंय. त्यामुळं पातळी वीतभर उतरली की काठ लांबवर मागं सरतो, आणि मधल्या ओल्या गाळावर किडे, शेवाळ, गोगलगाई, कोवळं गवत असं पाखरांचं जेवण उघडं पडतं. 1986 मध्ये हे पक्षी अभयारण्य झालं ते या उथळपणाच्या पुण्याईवर.

याच उघड्या पडणाऱ्या गाळात माणसंही पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. हरभरा, गहू, उन्हाळ्यात टरबूज, काकडी. एका जानेवारीत मी अशाच हरभऱ्याच्या बांधाला पडलो होतो. समोर पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे, केशरी चोच, राखी अंग. मंगोलिया, तिबेटकडं उन्हाळा काढून हिवाळ्याला हे हंस हिमालय ओलांडून खाली येतात. पाठीवर उपग्रहाची यंत्रं बांधून त्यांचा माग काढलाय, सात हजार मीटरच्याही वरून उडाल्याची नोंद आहे. जिथं माणसाला चार पावलं टाकायला दम लागतो तिथून हे पंख मारत येतात. आणि येऊन काय करतात, तर आमच्या गाळपेरीतला हरभरा शेंड्याकडून खुडून खातात. खाण्याचा आवाज ऐकू येईल इतका जवळ होतो मी. कुट् कुट् कुट्, घरात आजीनं सुपारी कातरावी तसा. एकजण मान वर करून पहारा देतो, बाकीचे चरतात, मग पाळी बदलते. मी चारशे फोटो काढले असतील.

मागून आवाज आला, "झालं का काढून?" रानाचा धनी होता. बराच वेळ उभा असावा. "तुमचं झालं असंल तर हाकलतो. तुम्हाला फोटू हाय, हरभरा माझा चाललाय."

मी उठलो. त्यानं टाळी वाजवली, पट्टकादंब उठले, डोक्यावरून फेरी मारून शेजारच्या रानात उतरले. तो तिकडं बघत म्हणाला, "आता त्याचा." आणि हसला. त्याला मी हिमालयाचं सांगितलं. त्यानं ते मनापासून ऐकलं. म्हणाला, "एवढ्या लांबून येऊन हरभराच दिसला का?"

हा छंद माणसाला किती अडचणीत टाकतो ते मला पुढं पुढं कळायला लागलं. पाऊस झाला, धरण भरलं, तालुक्यात पेढे वाटले, की माझं वर्ष वाया. पाणी झुडपांपर्यंत चढलेलं, काठ खोल, रोहितांना उभं राहायला गुडघाभर पाणी मिळत नाही, शेकाटे, तुतारे इकडं तिकडं पांगतात. उलट ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो, त्या वर्षी फेब्रुवारीपासून गाळाची मैदानं उघडी, आणि काय सांगू, पाय ठेवायला जागा नाही इतके पक्षी. माझे चांगले म्हणून जे फोटो आहेत ते सगळे वाईट वर्षांतले आहेत. भिंतीवर लावलेल्या रोहितांच्या फोटोचं कौतुक करणाऱ्याला मी साल सांगत नाही.

आता आईचं. बाबा गेल्यावर ती दुपारची स्टुडिओत येऊन बसायला लागली. तिचं माहेर गोदावरीच्या काठाला होतं. होतं म्हणजे, आता ते नाथसागरात आहे. घरात त्या गावाचं नाव कुणी घेत नाही. पुनर्वसनात उठवून बसवलेल्या वस्तीलाही तेच नाव दिलंय, आणि आईच्या मते ते नाव त्या वस्तीला शोभत नाही. जुन्याला ती नुसतं 'गाव' म्हणते. बायका जात्याचे दगडसुद्धा बैलगाडीत घालून निघाल्या, मारुतीरायाला उचलून नव्या जागी नेलं, आणि कडुनिंब तेवढा तोडून न्यायचं राहिलं, असं एकदा बोलली होती. जास्त नाही.

पक्ष्यांशी तिचं नातं माझ्या अगदी उलटं. लहानपणी ती ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसायची. थंडीत भोरड्यांचे थवे यायचे, गुलाबी अंग आणि काळं डोकं, ढग उतरावा तसे कणसांवर उतरायचे. गोफण, पत्र्याचा डबा आणि घसा ही तिची अवजारं. तिला पन्नास वर्षांनंतरही गोफण धरायची कशी ते हातात आठवतं. स्टुडिओत बसल्या बसल्या रिबिनीचा तुकडा फिरवून तिनं मला दाखवलं होतं. "आमी पाखरं हाकलायचो, तू बोलावतोस," ती म्हणायची. रोहित, चक्रवाक, थापट्या, चमचा ही मंडळी तिच्या गावात नव्हतीच, नदी वाहती होती ना तेव्हा. होती ती तितर, होला, चंडोल, टिटवी, सुगरण, राघू. पाण्यानं गावासोबत त्यांचंही रान गिळलं आणि नवीन पाखरांना बोलावलं, हा हिशेब मी तोवर मांडला नव्हता. अभयारण्याची माहिती लिहिताना कुणीच मांडत नाही.

एका दुपारी मी संगणकावर रोहितांचा एक फोटो साफ करत होतो. माझ्या मते तोवरचा सगळ्यात बरा. एकटा रोहित, चोच उलटी पाण्यात, पायानं चिखल ढवळत गोल गोल फिरताना. पिसावरचा थेंब मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि मागं? मागं काही नाही. लोण्यासारखी मऊ, तांबूस पिवळी वितळलेली पाटी. यासाठीच तर आम्ही लाखाच्या लेन्सा घेतो. छिद्र सताड उघडं ठेवायचं, पक्षी जवळ, मागचं लांब, म्हणजे मागचं जग आपोआप विरघळतं. लग्नात हीच युक्ती नवरीमागचा कचऱ्याचा ढीग आणि जेवणाच्या रांगेत शिरलेला मामा घालवायला वापरतो.

आईनं चष्मा वर करून बघितलं. पाखराकडं नाही. स्क्रीनवर रोहिताच्या पाठीमागं बोट ठेवून म्हणाली, "ह्ये मागं काय हाये रं?"

"काही नाही. मागचं आहे."

"मागचंच इचारते. दगडं हायेत का?"

मी फोटो मोठा केला. मोठा केल्यावर तो आणखीच विरघळला. तांबूस पिवळ्यात थोडा काळपट पट्टा होता, तिरका. दगड असतील, बांध असेल, काहीही असेल.

"कुठं काढला?"

मी जागा सांगितली. पाणंद, एक पडकी मोटेची विहीर, पुढं गाळपेर. ती बराच वेळ त्या काळपट पट्ट्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "तुला नीट काढता येत नाही का?"

इतकी वर्षं फोटो काढून खाणाऱ्या माणसाला हे ऐकायला लागलं. पण पुढच्या रविवारी मी त्याच जागी गेलो, छिद्र बारीक केलं, सोळावर नेलं. पक्षी आणि मागचं दोन्ही स्पष्ट. घरी येऊन पाहिलं तर फोटोत सगळीकडं सगळंच. वेडी बाभूळ, जाळ्याचा तुकडा, थर्माकोलच्या तराफ्यावर मच्छीमार, आणि या सगळ्यात रोहित हरवलेला. काळपट पट्टा म्हणजे खरंच दगडांची ओळ निघाली, अर्धी पाण्यात. आईनं पाहिलं, मान हलवली. "आपल्याकडचं नाही. वरच्या आळीचं असंल."

त्या फोटोचं पुढं एक झालं. हट्टानं मी तो एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांचा शेरा आला की पार्श्वभूमी गोंधळाची आहे, लक्ष विचलित होतं. चूक काहीच नाही त्यात. मी तो शेरा आईला वाचून दाखवला. "मंग कुणाचं लक्ष लागलं?" तिनं विचारलं. या प्रश्नाला परीक्षकांकडं उत्तर असतं तर मी पुन्हा पाठवला असता.

माझा एक फोटो मात्र मी कुणालाच दाखवत नाही, आईलाही नाही. मे महिना, दुपारी अकराचा सुमार. उघड्या माळावर टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा आणि त्यात ढेकळाच्या रंगाची चार अंडी. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खळग्यात घातली तर कमी, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. मी अंड्यांपासून वीसएक पावलांवर पडून राहिलो. टिटवी वरून ओरडत फिरत होती, खाली उतरून चालत यायची, मला बघून थांबायची. तिच्या पोटाची पिसं ओली होती. उन्हाळ्यात ती पाण्यात बसून पोट भिजवून येते आणि ते ओलं पोट अंड्यांवर धरते, हे मी वाचलेलं होतं. त्या ओल्या पोटाचाच फोटो मला हवा होता. तिच्या पोटाचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेलं. मी हललो नाही. अर्धा तास झाला असेल. एक मेंढपाळ दुरून येत होता, त्यानं काही न विचारता ओरडून सांगितलं, "उठा तिथून! अंडी शिजत्याल!"

मी उठलो. दहा पावलं गेल्यावर ती धावत येऊन बसली. दुसऱ्या रविवारी गेलो तर खळगा रिकामा. पिल्लं निघून गेली असतील, टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की चालू लागतात. किंवा कावळ्यानं नेली असतील, किंवा शिजली असतील. फोटो उत्तम आलाय. ओली पिसं, डोळ्यात उजेड, मागं लोणी.

2016 चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी चाललं होतं. नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, आमच्या समुद्राला टिटवीची गरज पडली नाही. गाव उघडं पडल्याचं एका मच्छीमारानं सांगितलं, आणि मी घरी येऊन बोललो. आई उठली, लुगड्याचा पदर खोचला, "चल," म्हणाली. मी म्हटलं उद्या पहाटे जाऊ, ऊन व्हायच्या आत. रात्रभर ती जागीच होती बहुतेक.

मोटारसायकल गेली तिथवर गेली. पुढं चालत. भेगाळलेला गाळ, पायाखाली शिंपल्यांचा चुरा, मेलेल्या माशांचा वास. ती साठ वर्षांची बाई माझ्यापुढं चालत होती. आधी तिलाही काही ओळखू येईना, ती थांबून चारी दिशांना बघायची, पदरानं तोंड पुसायची. मग एक दगडी चौथरा दिसला, पायऱ्या असलेला. "मारुतीचा पार," ती म्हणाली. आणि तिथून पुढं तिला काही विचारावं लागलं नाही. पाराकडून तिसरं घर. गल्ली मोडून ती आत शिरली, म्हणजे भिंती नव्हत्या तरी गल्लीच्या वळणावरून वळून शिरली. सरळ चालत गेली असती तर जवळ पडलं असतं.

जोतं होतं. दगडी उंबरा होता. कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ गाळानं भरलेलं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "एवढूसंच होतं का?"

ओसरीच्या जागी खोलगट भागात पाणी साचून राहिलेलं, आणि त्यात एक शेकाट्या उभा होता. तांबडे बारीक काटकुळे पाय, पांढरं अंग, काळे पंख. पाण्यात स्वतःची सावली टोचत टोचत तो ओसरीभर फिरत होता. आम्हाला पाहून किक् किक् ओरडला, पण उडाला नाही. आई हळू आवाजात म्हणाली, "पाव्हणा आलाय न् बसायला टाकायला काय नाही."

मी गोणी अंथरली. सवयीनं छिद्र उघडलं, शेकाट्याच्या लाल डोळ्यावर फोकस धरला. मागं सगळं लोणी झालं, उंबरा गेला, उखळ गेलं. मग मी थांबलो. छिद्र सोळावर आणलं. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. "उखळ आलं का?"

"आलं."

"चूल? तिथं, त्या काळ्या दगडापाशी."

चूल 600 मध्ये बसत नव्हती. मी 150 वर आलो. तरी बसेना. ती म्हणाली, मागं सर. मी गोणीसकट मागं सरकलो. अजून सर. शेवटी ती मोठी लेन्स काढून बॅगेतली लग्नाची लेन्स लावली, जिच्यानं मंडपात अख्खी भावकी एका फोटोत बसवतो ती. आता जोतं पूर्ण आलं, उंबरा, उखळ, चुलीची जागा, पलीकडं पार, आणि मागं लांब पाण्याची रेघ. शेकाट्या भाताच्या शिताएवढा. कडक ऊन, वरून पडलेलं, फोटोला अगदी वाईट. "आता काढ," आई म्हणाली.

त्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि पुढं धरण भरलंही. आता या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारायचं चाललंय, त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. तिकडं उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर आलं की लोक गाड्या करून बघायला जातात, भिगवणला रोहित दाखवायला नावा चालतात, मागं देऊळ आणि पुढं रोहित असे फोटोही निघतात. आमच्याकडच्या त्या जोत्यांना देवळाची प्रतिष्ठा नाही. नुसती घरं होती ती.

आईनं मला तो फोटो मोठा करून मागितला. केवढा, विचारलं तर हात पसरून दाखवला. मी शहरातून फ्लेक्सवर काढून आणला, आठ बाय दहा फूट. घरात एवढी भिंत नव्हती. माळ्यावर बाबांचा गुंडाळलेला पडदा होता, त्याच्या खिळ्यांवर स्टुडिओत टांगला. तात्पुरता.

गेल्या लग्नसराईत एक जोडपं आलं, साखरपुड्याचा फोटो काढायला. मी संगणकावरचे डोंगर दाखवत होतो, पण मुलीला भिंतीवरचा तोच आवडला. "हे कुठलं आहे? दीवचं का?" तिनं विचारलं. "किल्ला वगैरे दिसतोय." मी काही बोलायच्या आत ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, मुलगाही राहिला. मी दिवे लावले. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती, तिनं चष्मा वर केला.

"पोरी, जरा हिकडं सरक," ती म्हणाली. "चुलीवर पाय पडू ऱ्हायला तुझा."

मुलगी खाली बघून बाजूला झाली.